पणजोबांचा पत्ता

आमचे पणजोबा जन्माने शहागडचे, हे घरात सगळे छातीठोकपणे सांगत. पुरावा मागितला की आत्या म्हणायची, "अरे, गोदाकाठचे आपण! आणखी काय पाहिजे?" आता गोदाकाठ म्हणजे काय एक गाव आहे?

२०२३ साली मला शोधाची हुक्की आली. अंबड तालुक्यातल्याच अंतरवाली सराटीच्या उपोषणानंतर निजामकाळच्या कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली, आणि अवघा मराठवाडा पणजोबांच्या मागे लागला. मला दाखला नको होता, नुसते गाव हवे होते. पण जुनी दप्तरे कुठे उर्दूत, कुठे मोडीत (लिपीत हो, भंगारात नव्हे). डब्लिनचे सरकारी दप्तर १९२२ साली जळाले, म्हणून आयरिश माणूस आजोबांचे गाव शोधताना हळहळतो. आमचे शाबूत, पण वाचता येईना! त्यातून शहागड १९४८ पर्यंत निजामाकडे, १९५६ ला मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात, आणि औरंगाबाद जिल्ह्यातून जालन्यात आले ते १९८१ साली. गाव जागच्या जागी, पत्ता तेवढा फिरता.

शेवटी नाशिकचे तीर्थोपाध्याय गाठले. ते आडनाव आणि गाव यांवरून वही काढतात. "गाव कोणतं?" अहो, तेच तर शोधायला आलोय! भीतभीत शहागड म्हटले. तासाभराने पान निघाले. खाली पणजोबांची सही. गुरुजींनी मोडी वाचली : "मूळ राहणार पैठण, हल्ली शहागड."

घरी येऊन आत्याला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग? पैठण काय कृष्णाकाठी आहे?"