हातापायांचा ताठरपणा आणि झटके : वर्षानुवर्षे चालणारी गोळी अचानक का बंद करू नये?

लकवा मारल्यावर, मणक्याला मार बसल्यावर, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांमध्ये हात-पाय लाकडासारखे कडक होतात. मधेच पाय झटका मारतो, रात्री पेटके येतात, झोप उडते. या ताठरपणाला डॉक्टर ‘स्पास्टिसिटी’ म्हणतात. ही मिरगी नाही आणि ‘बाहेरचं’ तर अजिबात नाही.

असं का होतं?
स्नायू ताणला गेला की तो आपोआप आवळतो. मेंदू या आवळण्याला लगाम घालत असतो. मेंदू किंवा मज्जारज्जूला इजा झाली की हा लगाम सुटतो. इजा कायमची असेल तर औषधही बहुधा दीर्घकाळ घ्यावं लागतं. गोळीने मूळ आजार जात नाही, ताठरपणा आटोक्यात राहतो.

कोणती औषधं देतात?
*बॅक्लोफेन* : सर्वांत जास्त वापरली जाणारी गोळी. ती मज्जारज्जूवर काम करते. मोठ्या माणसांना साधारणपणे 5 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा अशी सुरुवात करून डोस हळूहळू वाढवतात. दिवसाला 80 मिलिग्रॅमच्या वर सहसा जात नाहीत. मुलांचा डोस वेगळा असतो. गुंगी, अशक्तपणा, चक्कर हे त्रास होऊ शकतात. हे औषध मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनीचा विकार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं.

*टिझॅनिडिन* : यानेही गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, बीपी उतरतं. लिव्हरची तपासणी करावी लागते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक याच्यासोबत घेऊ नये. ते अनेकदा लिहून दिलं जातं, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची यादी दाखवावी.

*डायझेपाम* : जुनं औषध. रात्रीच्या झटक्यांवर उपयोगी, पण सवय लागते.

*बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन* : एखादाच हात किंवा पाऊल कडक असेल तर त्या स्नायूत देतात. असर साधारण तीन महिने राहतो.

*बॅक्लोफेन पंप* : गोळ्यांनी भागत नसेल तर पोटाच्या त्वचेखाली पंप बसवून औषध थेट मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडतात. तो वेळेवर भरून घ्यावा लागतो.

सर्वांत मोठा धोका
आपल्या घरांत एक सवय दिसते. पाय जरा मोकळे झाले की, “आता बरं वाटतंय, किती दिवस गोळ्या खायच्या?” म्हणत गोळी बंद! बॅक्लोफेनच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. अचानक बंद केल्यास ताठरपणा दुपटीने उसळतो, भास होतात, तेज ताप चढतो, फिट येऊ शकते. असं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठावं. टिझॅनिडिन अचानक सोडल्यास बीपी एकदम वाढू शकतं. बंद करायचंच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीत, डोस थोडा थोडा कमी करत. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये.

रमजानमध्ये काय?
बॅक्लोफेनचा असर काही तासच राहतो, म्हणून ती तीनदा घेतात. आपल्याकडे रोजा 13-14 तासांचा होतो. दुपारचा डोस परस्पर गाळणं किंवा सहरी-इफ्तारला एकदम जास्त गोळ्या घेणं, दोन्ही धोक्याचं आहे. रमजानच्या काही आठवडे आधीच डॉक्टरांना विचारावं. वेळा बदलता येत नसतील तर शरीयतने आजारी माणसाला सवलत दिलेली आहे. कजा की फिदया, हे आलिमांना विचारावं. घरच्या बुजुर्गांना हे प्रेमाने समजवावं, कारण रोजा सुटल्याचं दुःख त्यांना आजारापेक्षा मोठं वाटतं.

ताठरपणा अचानक वाढला तर
लगेच डोस वाढवायची घाई नको. लघवीतला जंतुसंसर्ग, अडकलेली लघवीची नळी, बद्धकोष्ठता, पाठीवरची किंवा कुल्ल्यावरची जखम, आत वाढलेलं नख, घट्ट कपडे यांमुळेही झटके वाढतात. आधी हे पाहावं. रोजचा व्यायाम आणि स्नायू ताणून घेणं औषधाइतकंच गरजेचं आहे. शिवाय ताठरपणा पूर्ण घालवणं हा नेहमीच हेतू नसतो. काही रुग्ण पायांच्या याच कडकपणाच्या आधाराने उभे राहतात. डोस जास्त झाला तर तेच पाय लुळे पडतात.

घरात एवढं करावं
गोळीचं नाव, मिलिग्रॅम आणि वेळा एका कागदावर लिहून भिंतीला लावाव्यात. पाकीट संपायच्या आठवडाभर आधी नवं आणावं. ईदला गावी किंवा लग्नाला जाताना दोन-चार दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या सोबत ठेवाव्यात. आणि गोळी कोण देणार, हे घरात ठरलेलं असावं. सगळ्यांवर सोडलेलं काम कुणीच करत नाही.