घरखरेदीची ऐपत आणि गृहकर्ज : भोर व वेल्हे

घरखरेदीची ऐपत म्हणजे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या तुलनेत घराची किंमत आणि गृहकर्जाचा हप्ता किती जड पडतो, याचे मोजमाप. ते बहुधा मोठ्या शहरांसाठी केले जाते. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला असलेल्या भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांत हे मोजमाप अपुरे पडते. येथे जमिनीचा भाव पुण्या-मुंबईच्या पैशावर ठरतो, उत्पन्न मात्र भातशेती, दूध आणि मजुरीवर अवलंबून असते. शिवाय जुन्या गावठाणातली बहुतेक घरे बँकेला तारण म्हणून चालतच नाहीत.

मोजण्याच्या पद्धती : पहिल्या पद्धतीत घराच्या किमतीला वार्षिक उत्पन्नाने भागतात. डेमोग्राफिया या आंतरराष्ट्रीय पाहणीत हा भागाकार ३ किंवा त्याहून कमी आला तर घर परवडणारे मानतात आणि ५ च्या वर गेला तर अतिशय न परवडणारे. २०२५ च्या आवृत्तीत हाँगकाँग १४.४ आणि सिडनी १३.८ वर होते. त्या पाहणीत भारतातले एकही शहर नाही. दुसऱ्या पद्धतीत मासिक उत्पन्नातला किती हिस्सा हप्त्यात जातो ते पाहतात. नाइट फ्रँक या संस्थेचा भारतीय शहरांचा निर्देशांक याच पद्धतीचा आहे. त्यात घराच्या किमतीच्या ८० टक्के कर्ज आणि २० वर्षांची मुदत गृहीत धरलेली असते. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत हे प्रमाण अहमदाबादेत १८ टक्के, पुण्यात २२, कोलकात्यात २३ आणि मुंबईत ४८ टक्के होते. २०१० मध्ये मुंबईचा आकडा ९३ होता. हप्ता उत्पन्नाच्या निम्म्यापुढे गेला की बँका सहसा कर्ज देत नाहीत, म्हणून ५० टक्के ही रेषा धरतात.

या यादीत पुणे अगदी सुस्थितीत दिसते. पण हे पुणे म्हणजे पगारपत्रक असणाऱ्यांचे, मंजूर नकाशाच्या इमारतींचे पुणे. कात्रजचा बोगदा ओलांडून शिंदेवाडीत उतरले की जिल्हा तोच राहतो, हिशेब बदलतो.

प्रदेश : भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे ठिकाण. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. २०११ च्या जनगणनेत भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्ह्याची ५४ हजारांच्या आसपास होती. वेल्ह्यात एकही नगरपालिका नाही. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले याच तालुक्यात असून २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी या धरणांनी या खोऱ्यांतल्या सुपीक जमिनी आणि गावे पाण्याखाली घेतली. या पाण्यावर पुण्याची तहान भागते आणि खालच्या तालुक्यांचा ऊस पिकतो. ज्यांची गावे गेली त्यांच्यातले अनेक जण वर डोंगराच्या कडेला सरकले आणि तिथल्या घराखालच्या जागेचे कागद कित्येकांना अजून मिळालेले नाहीत. घरांच्या प्रश्नाची सुरुवात इथून धरली पाहिजे. बाजारभावाचा भाग नंतरचा.

जमिनीचा भाव : दोन्ही तालुक्यांत मिळून बाजाराचे ढोबळ तीन पट्टे पडतात. पहिला पुणे-सातारा महामार्गालगतचा : शिंदेवाडी, वेळू, ससेवाडी, शिवरे, कापूरहोळ, नसरापूर. येथे गोदामे, कारखाने, हॉटेले आणि फ्लॅटच्या इमारती आहेत. पुण्याच्या पश्चिम रिंगरोडचे टोक भोर तालुक्यातल्या वर्वे येथे येते, त्यामुळे या पट्ट्यातल्या सातबाऱ्यांवर गुंतवणूकदारांची नजर आहे. दुसरा पट्टा धरणांच्या बॅकवॉटरचा आणि किल्ल्यांच्या पायथ्याचा. तिथे फार्महाऊसचे प्लॉट विकले जातात. तिसरा पट्टा आतल्या वाड्यावस्त्यांचा. तिथे विकणारा असतो, घेणारा क्वचित.

दुसऱ्या पट्ट्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला खरेदीदार शेतकरी असावा लागतो. तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे, आणि ऑगस्ट २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी किमान २० गुंठे, बागायतीसाठी १० गुंठे असे प्रमाणक्षेत्र ठरले. तरीही एक-दोन गुंठ्यांचे व्यवहार होतच राहिले : कधी अनेकांच्या नावे एकच सामायिक खरेदीखत, कधी नुसती नोटरी. नोंदणी विभागाने जुलै २०२१ मध्ये परिपत्रक काढून अशी दस्तनोंदणी अडवली, ते परिपत्रक उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे २०२२ मध्ये रद्द केले आणि २०२५ मध्ये सरकारने जुने व्यवहार नियमित करण्याची वाट काढली. या सगळ्यात भाव चढत गेला. पुण्यातला नोकरदार शनिवार-रविवारच्या घरासाठी गुंठ्याला जो दर देऊ शकतो, तो गावातल्या मुलाला स्वतःच्या पहिल्या घरासाठी देता येत नाही. बापाने विकलेल्या जमिनीच्या शेजारचा तुकडा मुलाला घेता येत नाही, ही गोष्ट या तालुक्यांत आता नवी राहिलेली नाही.

उत्पन्न : राज्याच्या आर्थिक पाहणीनुसार २०२४-२५ मध्ये महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न ३ लाख ९ हजार ३४० रुपये अपेक्षित होते. पुणे जिल्हा राज्याच्या पुढच्या रांगेत असतो, पण जिल्ह्याच्या सरासरीत हिंजवडीचा संगणक अभियंता आणि वेल्ह्याचा भातशेतकरी एकत्र मोजले जातात. भाताचे पीक वर्षातून एकदा. इंद्रायणी तांदूळ घरी खाऊन उरला तर विकायचा, दुधाचे पैसे आठवड्याला किंवा दहा दिवसांनी, बाकी रोजंदारी. मुलगा शिरवळ-खेड शिवापूर पट्ट्यातल्या कारखान्यात कंत्राटी कामाला असेल तर महिन्याला काही रोकड येते, पण कंत्राट संपले की तीही थांबते. दरमहा ठराविक तारखेला हप्ता मागणाऱ्या कर्जाची या उत्पन्नाशी मुळातच गाठ बसत नाही.

हप्त्याचे गणित : साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षे मुदत धरली तर १ लाख कर्जाला महिन्याला सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. शहराच्या कडेला ४० लाखांचा फ्लॅट घ्यायचा झाल्यास ८० टक्के म्हणजे ३२ लाख कर्ज, हप्ता २७ हजार ७७० च्या आसपास. पगाराच्या ४० टक्क्यांत तो बसवायचा तर घरात महिन्याला जवळजवळ ७० हजार यायला हवेत. शिवाय ८ लाख पदरचे हवेत आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी वेगळी, कारण दहा लाखांवरच्या घरासाठी हा खर्च कर्जाच्या हिशेबात धरता येत नाही. घर बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ही सवलत राज्यात एप्रिल २०२१ पासून आहे आणि ती घ्यावीच.

आता याच सूत्राने गावचा हिशेब करून पाहू. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. महिन्याचे २५ दिवस काम मिळाले, असे मानले तर ७ हजार ८०० रुपये. त्यातला निम्मा पैसा हप्त्यात घातला तरी साडेचार लाखांच्या आतच कर्ज बसते. कागदावर इतके बसते, हेसुद्धा पुष्कळांना आश्चर्याचे वाटेल. प्रत्यक्षात हे कर्ज मिळत नाही आणि त्याचे कारण व्याजदरात सापडत नाही.

कागद : बँकेला तारण हवे असते आणि तारणाला निर्वेध मालकी. गावठाणातल्या घराची पिढ्यान्‌पिढ्या ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नोंद असते. पण नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. गावठाणाबाहेर घर बांधले असेल तर सातबारा असतो, त्यावर मात्र आजोबांची सगळी वारसमंडळी : मुंबईला गेलेले काका, लग्न होऊन गेलेल्या आत्या, मयत होऊनही नाव न उठलेले चुलते. कर्ज मागायला गेलेल्या माणसाला मग वारसनोंद, फेरफार, वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र, ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, बिनशेती आदेश आणि मंजूर नकाशा एवढे सगळे जमवावे लागते. मार्च २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) स्थापन झाले आणि दोन्ही तालुक्यांचा काही भाग त्यात गेला, तेव्हा तिथली बांधकाम परवानगी प्राधिकरणाकडे गेली. शहरात बिल्डर हा कागद तयार करून देतो आणि त्याची किंमत फ्लॅटमध्ये धरलेली असते. गावात प्रत्येक कुटुंबाने तो स्वतः तयार करायचा, मजुरी बुडवून.

गावठाणांचे ड्रोनने भूमापन करून घरमालकाला मिळकतपत्रिका देण्याचा प्रयोग पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला. पुढे एप्रिल २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना त्याच धर्तीवर सुरू झाली. घरांच्या बाबतीत अलीकडच्या काळात ग्रामीण महाराष्ट्रात झालेले सर्वांत मोलाचे काम कोणते, तर हे. मिळकतपत्रिकेमुळे घर तारण ठेवण्याजोगे होते. मात्र डोंगरउतारावरच्या विखुरलेल्या वाड्या, धनगरपाडे आणि कातकरी वस्त्या अनेकदा गावठाणाच्या हद्दीबाहेर असतात, आणि ड्रोनची मोजणी गावठाणापुरती आहे.

कर्ज नाही, मग घर कसे उभे राहते? तुकड्यातुकड्याने. थोडी जमीन किंवा म्हैस विकून, बायकोचे दागिने गहाण ठेवून, पतसंस्थेतून जामीनदार देऊन, मुंबईच्या भावाकडून हातउसने घेऊन. विकास सोसायटीमार्फत जिल्हा बँकेचे ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर बिनव्याजी पडते. जो शेतीसाठी शून्य टक्क्याने पात्र ठरतो, तोच माणूस घरासाठी सोनेतारणाचे आणि पतसंस्थेचे महाग व्याज भरतो. दगडमातीच्या भिंती आणि मंगलोरी कौलांची घरे मोडून सिमेंटचा स्लॅब घालायचा तर एका वर्षी पाया, दुसऱ्या वर्षी भिंती, मग दोन-चार वर्षे पत्रा. रस्त्यालगत उघड्या सळ्या घेऊन उभी असलेली अर्धी घरे म्हणजे अशाच थांबलेल्या हिशेबाची घरे.

घरकुल : प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून आहे. किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट घरासाठी सर्वसाधारण भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागासाठी १ लाख ३० हजार रुपये मिळतात. त्यात शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी (३१२ च्या दराने २८ हजार ८० रुपये) धरायची. २०२५ मध्ये राज्याने आणखी ५० हजार जाहीर केले : ३५ हजार बांधकामाला, १५ हजार छतावरच्या सौरऊर्जेला. १ लाख २० हजारांवर हे सर्व मिळवले तर २ लाख १० हजार ८० रुपये होतात. घरकुलाला ५ ब्रास वाळूही मोफत द्यायची आहे. ही मदत खरी आहे आणि तिच्यामुळे हजारो कुटुंबे गळक्या छपराखालून बाहेर आली, हे नाकारता येणार नाही. पण अनुदानाचा हप्ता काम झाल्यावर, फोटो चढवल्यावर येतो. पायाचे सिमेंट आधी दुकानातून उधार आणावे लागते. पाबे घाटापलीकडच्या किंवा हिर्डस मावळातल्या आतल्या गावात खडी, विटा आणि सळई पोहोचवायचे वाहतूकभाडे डोंगराळ भागाच्या जादा १० हजारांत भागत नाही. पावसाळ्याचे चार महिने काम बंद असते, ते निराळेच.

ज्याला जागाच नाही त्याच्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजना आहे. तिची रक्कम ५० हजारांवरून १ लाखापर्यंत वाढवली, तरी महामार्गाच्या पट्ट्यात ती तोकडी पडते. कातकरी समाजासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत घराला २ लाख रुपये आहेत. दुसऱ्याच्या बांधावर वस्ती असलेल्या कुटुंबाला मात्र आधी जागेचा कागद हवा, आणि गाडी पुन्हा तिथेच अडते.

अडकलेले हप्ते : वरसगाव जलाशयाच्या काठी मुळशी आणि वेल्हे तालुक्यांच्या हद्दीत लवासा हे नियोजित गिरिशहर उभारायला घेतले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. घराचा ताबा नाही आणि कर्जाचा हप्ता चालू, अशा स्थितीत अनेक ग्राहक वर्षानुवर्षे राहिले. परवडण्याच्या कोणत्याही निर्देशांकात ही जोखीम धरलेली नसते. मे २०१७ पासून महारेरा हे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण असल्यामुळे ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि ८ पेक्षा अधिक घरांच्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे. प्लॉट पाडून विकणाऱ्यांनाही हा कायदा लागू आहे.

व्याजदर : ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची तरत्या दराची नवी गृहकर्जे बाह्य मापदंडाशी, बहुतेक रेपो दराशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्याशी) जोडलेली असतात. रेपो मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आला, फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला आणि डिसेंबर २०२५ मध्ये सव्वापाचवर उतरला. २० लाखांच्या कर्जावर व्याज साडेआठवरून साडेसात झाले तर महिन्याला साधारण साडेबाराशे रुपये वाचतात. नसरापुरात फ्लॅट घेणाऱ्या नोकरदाराला हा दिलासा मोठा आहे. वेल्ह्यातल्या भातशेतकऱ्यापर्यंत तो पोहोचतच नाही, कारण त्याचे कर्ज पतसंस्थेचे किंवा सोनाराचे असते.

म्हणून या दोन तालुक्यांत घर परवडण्याजोगे करायचे तर व्याजसवलतीच्या आधी मालकीचे कागद आणि सुगीनंतर फेडता येईल असा हंगामी हप्ता या दोन गोष्टी लागतील. पहिली सरकारच्या हाती आहे, दुसरी जिल्हा बँक आणि सोसायट्यांच्या. तोवर ज्यांच्या घरात आजोबांच्या नावचा सातबारा तसाच पडून आहे, त्यांनी घराचा पाया खणण्याआधी तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज करावा.