मातीचे दोन मार्ग

कलाशाळेत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जी माती येते, ती दिसावयास एकच असते. परंतु तिचे भवितव्य एक नसते. चाकावर चढलेली माती भट्टीत जाते आणि तिचे भांडे होते. लोखंडी सांगाड्यावर चढलेली माती मात्र भट्टीत घालता येत नाही. वाळताना ती आकसते, आतील लोखंड आकसत नाही, आणि मूर्तीला तडे जातात. म्हणून तिच्यावरून साचा घेतात आणि ती माती पुन्हा हौदात टाकतात. कुंभार माती टिकवितो; मूर्तिकार माती खर्ची घालून रूप टिकवितो. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत हे दोन्ही मार्ग एकाच छपराखाली आले, आणि त्यांवरून चालणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्राक्तनही असेच निरनिराळे निघाले.

सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ही शाळा उभी राहिली व १८५७ साली तिचे वर्ग सुरू झाले. चित्रकार व शिल्पकार निर्माण करावे, हा त्या काळी मुख्य हेतू नव्हता. कुशल कारागीर तयार व्हावे, त्यांनी देशी धंद्यांत नवा हुरूप आणावा, अशी चालकांची अपेक्षा होती. १८६५ साली इमारतींवरील शिल्पकाम शिकविण्यासाठी लॉकवुड किपलिंग विलायतेहून आले. याच वर्षाच्या अखेरीस त्यांना जो पुत्र झाला, तोच पुढे रुडयार्ड किपलिंग या नावाने जगाला ठाऊक झाला. परंतु या गृहस्थांचे पूर्वायुष्य अधिक लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांची उमेदवारी स्टॅफर्डशायरमधील बर्स्लेम या कुंभारकामाच्या गावी, चिनी मातीच्या एका कारखान्यात झाली होती. मूर्तिकाम शिकविणारा गुरू स्वतः भांड्यांच्या मातीत वाढलेला होता.

त्यांच्या वर्गात विद्यार्थ्याने आरंभी पान काढावयाचे, मग फूल, मग पक्षी. आणि हात वळला म्हणजे मनुष्याकृती. समोर प्लॅस्टरचा नमुना असे व त्याबरहुकूम काम उतरले की नाही, एवढेच पाहिले जाई. या शिस्तीचे फळ मुंबईच्या रस्त्यांवर आजही दिसते. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरील उठावशिल्पे स्वतः किपलिंग यांची. १८७८ ते १८८८ या काळात व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, बांधले गेले, तेव्हा त्यावरील पानाफुलांचे व पशुपक्ष्यांचे पुष्कळसे अलंकरण जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली या शाळेच्या विद्यार्थ्यांनी केले. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथून रोज लाखो माणसे त्या कामाखालून जातात. वास्तुकार स्टीव्हन्स यांचे नाव ग्रंथांतरी आहे. माकड कोणी घडविले आणि मोर कोणी, हे कोणीही विचारीत नाही.

भांड्यांच्या वर्गाची कथाही याच जातीची आहे. शाळेचे एक अधीक्षक जॉर्ज टेरी यांनी १८७० नंतरच्या दशकात सिंधमधील कुंभारांची विद्या मुंबईस आणली. सिंधी कारागिराची रीत अशी, की साध्या मातीच्या भांड्यावर प्रथम पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यावयाचा, त्यावर वेलबुट्टी काढावयाची आणि वरून काचेसारखी झिलई चढवावयाची. तांब्याच्या क्षाराने हिरवा व पिरोजी रंग येतो, कोबाल्टने गडद निळा. याच सुमारास, १८७२ पासून, ग्रिफिथ्स हे विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करीत होते. तेथील कमळे, हंस व मानवाकृती लवकरच मुंबईच्या सुरयांवर व तबकांवर उतरल्या. सिंधची झिलई आणि अजिंठ्याची रेषा यांचा हा संगम विलायतेतील प्रदर्शनांपर्यंत पोहोचला. भांड्याच्या बुडाशी शाळेचे नाव असे. घडविणाऱ्याची आठवण बहुधा तेथेच संपे.

या अनामिकतेत नवे असे काय होते? बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील भव्य चैत्यगृह आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवरील स्त्रीपुरुषांच्या जोड्या आजही ताठ उभ्या आहेत. दान कोणी दिले, हे तेथील शिलालेख सांगतात. छिन्नी चालविणाऱ्या हातांची अशी नोंद क्वचितच सापडते. आपल्याकडे नाव देवाचे आणि दात्याचे. हात मात्र सर्वांचे, म्हणून कोणाचेच नाहीत.

ही रीत एका विद्यार्थ्याने मोडली. गणपतराव काशिनाथ म्हात्रे हे कलाशाळेत शिकत असता, १८९६ साली, विशीच्या आतबाहेरच्या वयात त्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ हा पुतळा घडविला. नऊवारी लुगडे नेसलेली तरुणी पूजेसाठी देवळाकडे निघाली आहे, एवढाच विषय. परंतु वर्गातील नमुने ग्रीक व रोमन असताना या मुलाने निऱ्यांचा भार, पदराची ओढ आणि पावलाची संथ गती घरच्या स्त्रियांकडे पाहून टिपली. मापाची शिस्त शाळेची होती. नजर मात्र त्याची स्वतःची. बाँबे आर्ट सोसायटीने त्या कामाचा गौरव केला. सर जॉर्ज बर्डवुड यांनी विलायतेत त्याची वाखाणणी केली आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी केवळ छायाचित्र पाहून १८९८ साली त्यावर बंगालीत लेख लिहिला. मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्याचे नाव त्याच्या कृतीबरोबर घेतले जाऊ लागले.

तरीही या यशाला एक खंत चिकटून राहिली. मूळ माती साचा घेताना गेली, प्लॅस्टर उरले. प्लॅस्टर हा मुक्कामाचा टप्पा; तेथून संगमरवर किंवा ब्राँझ गाठावयाचे, तर आश्रयदाता पाहिजे. म्हात्रे यांना पुढे कामे पुष्कळ मिळाली. न्यायमूर्ती रानडे यांचा मुंबईतील पुतळा त्यांचाच. पण ती बहुतेक थोरामोठ्यांच्या स्मारकांची. समाज थोरांच्या चेहऱ्यासाठी दगड देत होता, देवळाकडे निघालेल्या अनाम मुलीसाठी नाही. ती कलाशाळेत प्लॅस्टरमध्येच राहिली.

अलिबागजवळच्या सासवने गावच्या विनायकराव करमरकरांनी या कोड्याचे उत्तर निराळ्या तऱ्हेने शोधले. १८९१ साली जन्मलेल्या या मुलाने मातीचा पहिला धडा शाळेत नव्हे, तर गणपती घडविणाऱ्या वडिलांच्या हाताखाली घेतला. देवळाच्या भिंतीवर त्याने काढलेले शिवछत्रपतींचे चित्र जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांच्या साहाय्याने तो मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाला. पुण्यातील शिवछत्रपतींच्या १९२८ सालच्या अश्वारूढ पुतळ्याने त्यांची कीर्ती सर्वत्र झाली. परंतु गावच्या कोळिणी, शेजारची मुले, घरची जनावरे यांच्यासाठी ब्राँझ कोण देणार? करमरकरांनी त्या मूर्ती साध्या सिमेंटमध्ये केल्या. बांधकामाच्या त्या स्वस्त वस्तूने, आश्रयदात्याची वाट न पाहता, सामान्य माणसाला शिल्पात स्थान दिले. सासवन्याच्या त्यांच्या घरी ती शिल्पे आजही पाहावयास मिळतात.

कलाशाळा विद्यार्थ्याला हाताची शिस्त देऊ शकते, झिलईचे प्रमाण सांगू शकते, साचा कसा घ्यावा हे शिकवू शकते. काय पाहावे, हे मात्र तो बहुधा घरून आणतो. म्हात्र्यांनी नऊवारीची निरी आणली, करमरकरांनी गणपतीची माती. स्थानकाच्या भिंतीवर मोर कोरणाऱ्या मुलानेही असेच काही आणले असेल. म्हणूनच त्या विलायती कमानीवरचा मोर परका वाटत नाही.