बाहीवरचा वाघ : एका बिल्ल्याचे वाचन

वसईच्या किल्ल्यातील पोर्तुगीज शिलालेख वाचणाऱ्याला एक मोठी सोय असते. दगड जागचा हललेला नसेल, तर तो कोणी आणि कशासाठी कोरला हे सांगायला भोवतालची भिंत साक्षीला उभी असते. सैनिकी गणवेशावरच्या मानचिन्हांचे नेमके उलटे आहे. ती कापडाची असतात. उसवली जातात, विकली जातात आणि भलत्याच कोटावर शिवली जातात. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन मानचिन्हांना संग्राहकांच्या बाजारात मोठी किंमत येते, आणि म्हणूनच नकलांचाही सुळसुळाट आहे. अशा चिन्हाची ओळख पटवणे हे हौशी माणसाचे काम समजले जाते. वस्तुतः ते पाठचिकित्सेचेच एक अंग आहे. आपल्याशी थेट संबंध असलेल्या एका जर्मन बिल्ल्यावरून हे पाहता येईल.

सुभाषचंद्र बोस १९४१ च्या एप्रिलमध्ये बर्लिनला पोहोचले. उत्तर आफ्रिकेत पकडल्या गेलेल्या हिंदी युद्धकैद्यांमधून पुढे एक सेना उभी राहिली. जर्मन सैन्यात तिची नोंद ९५० क्रमांकाची पायदळ रेजिमेंट अशी झाली. तिचे बळ सुमारे अडीच-तीन हजारांचे होते. गणवेश जर्मन सैनिकाचाच. भेद एवढाच, की उजव्या दंडावर ढालीच्या आकाराचा एक बिल्ला असे. त्यावर केशरी, पांढरा व हिरवा पट्टा, मधल्या पट्ट्यावर झेपावणारा वाघ आणि वर जर्मन भाषेत 'फ्राईस इंडिएन', म्हणजे 'स्वतंत्र हिंदुस्थान'. शिरस्त्राणाच्या डाव्या बाजूलाही हेच तीन रंग असत.

या बिल्ल्याचे वाचन तीन अंगांनी करावे लागते. पहिले अंग चित्राचे. काँग्रेसच्या तिरंग्यावर चरखा होता. येथे त्याची जागा वाघाने घेतली. हा बदल शोभेसाठी केलेला नाही. अहिंसेच्या मार्गापासून घेतलेली फारकत त्यात नोंदली गेली आहे. दुसरे अंग लिखिताचे. रेजिमेंटच्या निशाणावर 'आझाद हिंद' हे हिंदुस्थानी शब्द होते, पण दंडावर जर्मन. निशाण सैनिकांसाठी होते. दंडावरचा मजकूर मात्र समोर येणाऱ्या जर्मन माणसाने वाचावा असा होता. तिसरे अंग स्थानाचे. त्याच अंगरख्याच्या उजव्या छातीवर स्वस्तिक धरलेला जर्मन सैन्याचा गरुड होता. सैनिकांच्या शपथेतही हिंदुस्थानच्या लढ्याचे नेते म्हणून बोस आणि सेनापती म्हणून हिटलर, अशी दोन नावे एकत्र आली होती. छातीवर गरुड आणि दंडावर वाघ ही त्या शपथेचीच कापडावरची प्रत होय.

आता खऱ्या-खोट्याची परीक्षा. ऑगस्ट १९४४ मध्ये ही सेना वाफेन-एसएसकडे वर्ग झाली. एसएसचा गरुड छातीवर नव्हे, डाव्या बाहीवर असे. हा साधा नियम माहीत असला तरी अनेक बनावट अंगरखे उघडे पडतात. वाघाचे मुख असलेली एक कॉलरपट्टीही संग्राहकांत प्रसिद्ध आहे. मात्र ती प्रत्यक्ष वापरात आली होती काय, याबद्दल जाणकारांनीच शंका घेतली आहे. वस्तू बनली एवढ्यावरून ती अंगावर चढली असे ठरत नाही. तेवढ्यासाठी त्या काळचे छायाचित्र हवे.

कापडही बोलते. पॉलिएस्टरचा धागा व्यापारी प्रमाणावर युद्धानंतरच आला. घरोघरी टिनोपॉल म्हणून ओळखले जाणारे श्वेतकारक द्रव्य अतिनील प्रकाशात निळसर चमकते, आणि अशा द्रव्यांचा सर्रास वापरही युद्धोत्तर काळातला. परंतु जुना बिल्ला कोणी नव्या साबणाने धुतला असेल तर तोही चमकेल, आणि नकलाकाराने जुना धागा मिळवला असेल तर नक्कल चमकणार नाही. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडप्रक्रिया आणि रसायने हे दोन्ही उद्योग नांदतात. तेथील जाणकाराला हा इशारा वेगळा द्यावा लागणार नाही. एक कसोटी संशय देते. निर्णय अनेक कसोट्या जुळल्यावरच.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इटलीत आहे. १९४४ मध्ये या सेनेची एक कंपनी तेथे पाठवली गेली. त्याच वर्षी १० जुलैला, त्याच इटलीत, जर्मनांशी लढताना पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या पलटणीच्या नावात 'मराठा' ही ओळख होती. जर्मनीतल्या सेनेत धर्म आणि प्रांत मुद्दाम मिसळलेले होते आणि बिल्ल्यावर केवळ देशाचे नाव होते. एका चिन्हाखाली परक्या साम्राज्याची चाकरी होती, तर दुसऱ्याखाली नाझी राजवटीची साथ. ही सेना फ्रान्समधून माघार घेत असताना तिच्यावर अत्याचाराचे आरोपही झाले. दोन्ही बाजूंच्या माणसांनी काय पत्करले आणि कशाच्या मोबदल्यात, याचा त्यांच्या अंगावर उरलेला पुरावा म्हणजे ही मानचिन्हे.

म्हणून नकली बिल्ला ही केवळ गिऱ्हाइकाची फसवणूक ठरत नाही. तो इतिहासात घुसवलेला प्रक्षिप्त पाठ असतो. पोथीतला प्रक्षिप्त श्लोक ओळखायला शिकवणाऱ्या आपल्या अभ्यासपरंपरेने कापडाच्या या चार बोटांच्या तुकड्यालाही तीच शिस्त लावावी. वाघ पाहून ऊर भरून येणे आणि गरुड पाहून दृष्टी फिरवणे, हे दोन्ही सोपे आहे. बिल्ला मात्र दोन्हींसह वाचावा लागतो.