छत्रीबाहेरचे पाऊल

१९६७ साली इस्रायलने इजिप्तची विमाने तळावरच जाळली, ते सगळ्यांना ठाऊक असते. मला १९७३ चे युद्ध जास्त विचार करण्यासारखे वाटते. आपले हवाई दल कमी पडते हे इजिप्तने मुकाट्याने मान्य केले, आणि सुएझ कालव्याकाठी रशियन क्षेपणास्त्रांची दाट फळी उभारली. ६ ऑक्टोबरला सैन्य कालवा ओलांडून गेले ते या छत्रीखालीच, आणि थोडे पुढे जाऊन थांबले. इस्रायलची विमाने चाल करून आली आणि पडत गेली. किती साधी युक्ती, नाही का!

पण तिकडे सीरिया संकटात सापडला. सेनाप्रमुख शाझली नको म्हणत असतानाही सादात यांनी पुढे जाण्याचा हुकूम दिला. १४ ऑक्टोबरला रणगाडे छत्रीबाहेर पडले, आणि त्या एका दिवसात दोनशेहून अधिक गमावले. पुढच्याच रात्री इस्रायली फौज कालव्यापलीकडे उतरली. तिच्या रणगाड्यांनी क्षेपणास्त्रांचे तळ जमिनीवरून फोडले, तेव्हा कुठे विमानांना आकाश मोकळे झाले. विमानांची वाट रणगाड्यांनी करून दिली म्हणायची!

डिसेंबरमध्ये पदावरून दूर झाले ते मात्र शाझली.