वाद्यवृंद-मैफलीची पूर्वओळख

सिंफनी वाद्यवृंदाच्या मैफलीपूर्वी श्रोत्याला कार्यक्रमातील रचना, रचनाकार आणि वादक यांची करून दिलेली ओळख. तिचे मुख्य प्रकार तीन : वादकाची किंवा कंडक्टरची मुलाखत, लेखी श्रवणमार्गदर्शिका आणि मैफलीआधीचे व्याख्यान. समीक्षा मैफलीनंतर येते आणि झालेल्या वादनाचे मोल ठरवते; पूर्वओळख आधी येते आणि कुठे कान द्यावा ते सांगते. जाहिरातीशी तिचे नाते जवळचे आहे. मात्र जाहिरातीचे काम तिकीट विकले की संपते, तर पूर्वओळखीचे काम त्यानंतर सुरू होते.

भिवंडी, कल्याण, ठाणे या पट्ट्यात ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की उत्सवात होणारा हिंदी-मराठी चित्रपटगीतांचा कार्यक्रम समजला जातो. तिथली गाणी श्रोत्यांना तोंडपाठ असतात आणि निवेदक दोन गाण्यांमधला दुवा सांधतो, त्यामुळे वेगळी ओळख लागत नाही. या नोंदीतील वाद्यवृंद पाश्चात्त्य अभिजात संगीताचा, म्हणजे साधारण साठ ते शंभर वादकांचा आहे.

गरज

हिंदुस्थानी संगीताच्या बैठकीत गायक राग सांगतो. न सांगितला तर शेजारी बसलेला जाणकार कुजबुजतो. बंदिशीला शब्द असतात, तालाचे आवर्तन मोजता येते आणि समेवर आल्यावर दाद दिली की आपण बरोबर ऐकत आहोत याची खात्री पटते. सिंफनीत यातले काहीच हाताशी नसते. रचना अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही अधिक चालते, शब्द नसतात आणि कंडक्टर श्रोत्यांकडे पाठ करून उभा असतो. एका रचनेचे सहसा तीन-चार भाग असतात. दोन भागांच्या मध्ये वादन थांबते, पण आजच्या रिवाजानुसार टाळ्या शेवटच्या भागानंतरच वाजवायच्या असतात. मध्येच ‘वाहवा’ म्हणण्याची सवय असलेल्या श्रोत्याला हा रिवाज आधी कळला नाही, तर तो संगीतापेक्षा स्वतःच्या हातांकडेच अधिक लक्ष देतो.

उगम आणि वाढ

एक्तोर बेर्लिओझ याने आपल्या ‘सिंफनी फँटास्टिक’मागची कथा मे 1830 मध्ये पॅरिसच्या ‘फिगारो’ या पत्रात आधीच छापून आणली. ठरलेली मैफल तेव्हा झाली नाही. रचना 5 डिसेंबर 1830 रोजी वाजली. पुढे त्यानेच सूर मवाळ केला आणि भागांची शीर्षके कळली तरी पुरे, अशी मुभा दिली.

लंडनमध्ये जॉन एला याने 1845 मध्ये ‘म्युझिकल युनियन’ ही संस्था काढली. तिथे चेंबर संगीत होत असे. तिची विवेचक टिपणे सभासदांच्या घरी मैफलीच्या आधीच पोहोचत, म्हणजे श्रोता ती वाचूनच सभागृहात येई. क्रिस्टल पॅलेसमधल्या मैफलींसाठी 1856 पासून जॉर्ज ग्रोव्ह टिपणे लिहू लागला. तो पेशाने अभियंता. त्याने दीपगृहे उभारली होती. स्वतः शिकत शिकत लिहिल्यामुळे त्याच्या टिपणांना सामान्य श्रोत्याच्या अडचणी ठाऊक होत्या. याच कामाच्या ओघात त्याने 1879 ते 1889 या काळात प्रसिद्ध झालेला संगीतकोश संपादित केला. इंग्रजीतला तो प्रमाणकोश आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. एडिंबरोत डोनाल्ड फ्रान्सिस टोव्ही याने रीड ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली टिपणे 1935 पासून ग्रंथरूपाने आली.

विसाव्या शतकात हे काम रेडिओ आणि दूरचित्रवाणीने उचलले. वॉल्टर डॅमरॉश याचा शाळकरी मुलांसाठीचा रेडिओ कार्यक्रम अमेरिकेत 1928 ते 1942 चालला, तर लेनर्ड बर्नस्टाइन याच्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबतच्या ‘यंग पीपल्स कॉन्सर्ट्स’ 1958 ते 1972 या काळात घराघरांत पोहोचल्या. बर्नस्टाइन आधी एखादा तुकडा वाद्यवृंदाकडून वाजवून घेई आणि मग त्यावर बोले. मराठी श्रोत्यांना परिचित असलेल्या सप्रयोग व्याख्यानाचीच ही रीत.

वादकाची मुलाखत

मुलाखत उपयोगी ठरते ती वादकाच्या कामाविषयी विचारल्यावर. ‘संगीत तुमच्यासाठी काय आहे?’ या प्रश्नाला जगभर एकच उत्तर मिळते. त्याऐवजी ओबोवादकाला पत्तीविषयी विचारावे. अनेक ओबोवादक वेताच्या पत्त्या स्वतः तासून बनवतात, आणि हवा दमट असली की पत्तीचे वागणे बदलते. मैफलीआधी अख्खा वाद्यवृंद ओबोच्याच एका स्वरावर सूर जुळवतो. हे वाचलेला श्रोता पहिल्या रचनेआधीच्या त्या अर्ध्या मिनिटातही कान टवकारून बसतो.

प्रत्येकाला विचारायचे प्रश्न वेगळे. कंडक्टरला लयीविषयी आणि लिहिलेली पुनरावृत्ती घेणार की गाळणार याविषयी. व्हायोलिनवादकांच्या प्रमुखाला सगळ्यांचे गज एकाच दिशेने कसे फिरतात आणि ते कोण ठरवते याविषयी. एकल वादकाला कॅडेन्झाविषयी, म्हणजे वाद्यवृंद थांबतो आणि तो एकटाच वाजवतो त्या जागेविषयी. टिंपनी वाजवणाऱ्याला, रचना चालू असतानाच ढोलांचा सूर पायाच्या पट्टीने बदलून पुढच्या प्रवेशाची वाट कशी पाहतो, ते विचारावे. बाकीचे वाजवत असताना तो वाद्याच्या कातड्याला कान लावतो. सभागृहात तो दिसतो, पण काय करतो आहे ते मुलाखतीवाचून कळत नाही.

रचना नवी असेल तर मुलाखतीचे महत्त्व आणखी वाढते. बेथोव्हेनची सिंफनी ध्वनिमुद्रणावर आधी ऐकता येते. अजून एकदाही न वाजलेल्या रचनेला तो आधार नसतो. तिथे रचनाकाराचे किंवा वादकाचे बोलणे हीच काय ती तयारी.

श्रवणमार्गदर्शिका

श्रवणमार्गदर्शिका रचनेतल्या खुणेच्या जागा क्रमाने दाखवते. मिनिट-सेकंदांची मार्गदर्शिका एखाद्या ठरावीक ध्वनिमुद्रणालाच लागू पडते. प्रत्यक्ष मैफलीत लय जराशी बदलली की तिचे आकडे चुकतात. म्हणून सभागृहासाठीच्या खुणा वाद्यांवरून सांगाव्यात.

बेथोव्हेनची पाचवी सिंफनी व्हिएन्नात 22 डिसेंबर 1808 रोजी प्रथम वाजली. ती साधारण अर्धा तास चालते. तिच्यासाठी चार खुणा पुरतात. पहिली : सुरुवातीचा चार स्वरांचा ठोका, तीन आखूड आणि एक लांब. तो तंतुवाद्ये आणि क्लॅरिनेट मिळून वाजवतात. पुढे ही लय भागाभागांतून डोके वर काढत राहते. दुसरी : पहिल्या भागात सुरुवातीचा मजकूर परत आल्यावर धावते संगीत अचानक थांबते आणि एकटा ओबो काही क्षण सावकाश बोलतो. तिसरी ऐकण्याआधी पाहण्याची : तिन्ही ट्रॉम्बोनवादक पहिले तीन भाग वाद्य मांडीवर घेऊन स्वस्थ बसलेले असतात. चौथी : तिसऱ्या भागाच्या शेवटी सगळे दबक्या आवाजात उतरते, टिंपनीचा हलका ठोका तेवढा उरतो आणि तिथून न थांबता चौथा भाग उसळतो. ट्रॉम्बोन याच क्षणी पहिल्यांदा वाजतात, पिकोलो आणि कॉन्ट्राबसूनही याच क्षणी येतात. तिसऱ्या आणि चौथ्या भागांत खंड नाही हे ठाऊक नसलेला श्रोता हा क्षण खोकला आवरण्यात घालवू शकतो.

तबल्याच्या स्वतंत्र वादनाला सरावलेल्या श्रोत्यासाठी मोरिस राव्हेल याचा ‘बोलेरो’ हा प्रवेशाचा सोपा दरवाजा आहे. 1928 मधली ही रचना सुमारे पंधरा मिनिटांची आहे. तबलावादनात लेहरा तोच राहतो आणि तबला बदलत जातो. इथे साइड ड्रमचा ठेका तोच राहतो आणि त्यावरची धून बासरीकडून क्लॅरिनेटकडे, बसूनकडे, सॅक्सोफोनकडे हातोहात जाते. धून फारशी बदलत नाही, बदलतो तो आवाजाचा रंग आणि जोर. शेवटाच्या जरा आधी मूळ स्वरस्थान एकदम सरकते. मार्गदर्शिकेने तेवढी एक जागा दाखवली तरी काम झाले.

मुंबईतील परंपरा

मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यांचे पुत्र झुबिन मेहता यांचा जन्म 1936 चा. घरातल्या तालमी ऐकतच ते वाढले. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वाद्यवृंद मुख्यतः गोव्याहून आलेल्या वादकांनी सांभाळले. त्यांपैकीच अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये भारतीय रागसंगीतासाठी मोठा वाद्यवृंद उभा करून पाहिला आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांना गायला बोलावले.

नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र, म्हणजेच एनसीपीए, 1969 मध्ये स्थापन झाले. तिथले जमशेद भाभा नाट्यगृह 1999 मध्ये खुले झाले. याच संस्थेत खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह यांनी 2006 मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. निवासी वादकांना परदेशी वादकांची जोड देऊन त्याचे मैफलींचे हंगाम होतात. संस्थेच्या ‘ऑन स्टेज’ या इंग्रजी मासिकात येत्या कार्यक्रमांविषयीचे लेख आणि कलाकारांच्या मुलाखती येतात. महाराष्ट्रातले नियमित पूर्वओळखीचे ठळक उदाहरण हेच.

नव्या रचनेचे उदाहरणही याच वाद्यवृंदाचे आहे. झाकीर हुसेन यांनी त्यासाठी रचलेला ‘पेशकार’ हा तबला आणि वाद्यवृंद यांचा कंचेर्टो सप्टेंबर 2015 मध्ये मुंबईत प्रथम सादर झाला आणि 2019 च्या ब्रिटन दौऱ्यातही वाजला. तबल्याच्या मैफलीत पेशकार सुरुवातीला, सावकाश आणि विस्ताराला जागा ठेवून वाजवला जातो, हे मराठी श्रोत्याला सांगावे लागत नाही. बर्मिंगहॅमच्या श्रोत्याला सांगावे लागते. उलट कंचेर्टो म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांचा आमनेसामने संवाद, हे तिकडच्या श्रोत्याला ठाऊक असते. एकाच रचनेला दोन शहरांत दोन वेगळ्या पूर्वओळखी लागतात.

मराठीतील समांतर प्रघात

संगीतावर आधी बोलण्याची सवय मराठीला नवी नाही. अशोक दा. रानडे यांनी मुंबई विद्यापीठाचे संगीत केंद्र आणि नंतर एनसीपीए येथे काम करताना सप्रयोग व्याख्यानाला शिस्त दिली. ‘देवगाणी’, ‘बैठकीची लावणी’ यांसारख्या त्यांच्या कार्यक्रमांत गाणे आणि विवेचन एकत्र येत असे. पुण्यात 1953 पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला ‘षड्ज’ आणि ‘अंतरंग’ या उपक्रमांची जोड मिळाली : ‘षड्ज’मध्ये संगीतावरचे माहितीपट दाखवले जातात, ‘अंतरंग’मध्ये कलाकारांशी गप्पा होतात. सकाळी मुलाखतीत एखाद्या गुरूविषयी ऐकलेले संध्याकाळी गळ्यात शोधावे, असा हा मेळ आहे. सिंफनीसाठी लागणारे साचे मराठीत तयार आहेत; त्यांत अजून त्या संगीताचा मजकूर पुरेसा भरलेला नाही.

आक्षेप

पूर्वओळख अतितांत्रिक झाली की हास्यास्पद होते. जॉर्ज बर्नार्ड शॉ याने 1893 मध्ये हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगताचे तसल्याच परिभाषेत ‘विश्लेषण’ करून टिपणकारांची टर उडवली. गुस्ताव माहलर याने आपल्या पहिल्या सिंफनीला आधी कथात्मक टिपण जोडले. श्रोते संगीताऐवजी कथेच्या मागे लागतात असे दिसल्यावर 1896 च्या बर्लिनमधील मैफलीच्या सुमारास ते काढून घेतले. थिओडोर अडॉर्नो याचा रोख डॅमरॉशच्या रेडिओ कार्यक्रमावर होता : सुरावट ओळखता येणे म्हणजेच संगीत कळणे, असा समज त्यातून पसरतो, असे त्याचे म्हणणे. या तिन्ही टीकांतून एकच पथ्य हाती लागते. खुणा मोजक्या द्याव्यात आणि अर्थ श्रोत्यावर सोपवावा.

भिवंडीचा श्रोता

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी यंत्रमाग आणि गोदामे यांसाठी ओळखली जाते. मराठी, उर्दू, हिंदी आणि विणकर कुटुंबांची तेलुगू अशा भाषा तिथे एकत्र नांदतात. शहरातले भिवंडी रोड स्थानक वसई–दिवा मार्गावर असल्यामुळे दक्षिण मुंबईला थेट लोकल नाही. ठाण्याला किंवा कल्याणला रस्त्याने जायचे, तिथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठायचे आणि पुढे नरिमन पॉइंट. एका मैफलीसाठी अर्धा दिवस जातो. कामावरून निघालेला माणूस व्याख्यानासाठी तासभर आधी पोहोचेल ही अपेक्षा धरता येत नाही. त्याला पूर्वओळख घरी किंवा गाडीत, मोबाइलवर मिळायला हवी.

अशा श्रोत्यासाठीची मार्गदर्शिका मराठीत आणि शक्य तर उर्दूतही असावी. ती एका रचनेला एक पान यापेक्षा मोठी नसावी, वाद्यांची नावे जशी उच्चारली जातात तशी देवनागरीत द्यावीत, आणि गाडीत ऐकण्यासाठी एखादा पाच मिनिटांचा भाग सुचवावा. टाळ्या कुठे, मध्यंतर कधी आणि कार्यक्रम साधारण किती वाजता संपेल, हेही तिच्यात असावे. परतीच्या लोकलचा हिशेब मनात चालू असलेल्या माणसाला शेवटचा भाग नीट ऐकू येत नाही.