तिकिटावरचं ‘व्हाया’ आणि हिशेबाच्या वह्या

अंधेरीहून सीएसएमटीचं लोकलचं तिकीट काढताना ॲप विचारतं, व्हाया कुठे? दादरला उतरून मध्य रेल्वे पकडणार, की हार्बरने वडाळ्यावरून जाणार? बहुतेक जण न वाचताच बोट टेकवतात. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. या ‘व्हाया’मागे एवढा मोठा इतिहास असेल असं मला तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

माझं काम वाहतुकीच्या नेटवर्कवर आहे. त्यासाठी एकदा मला ब्रिटनच्या रेल्वेचा डेटा हाताळायचा होता. प्रश्न साधा वाटत होता: अमुक स्टेशन ते तमुक स्टेशन असं तिकीट हातात असेल, तर प्रवाशाने कोणकोणत्या मार्गाने गेलेलं चालतं? आपल्याकडे ‘व्हाया’पुढे बहुधा ठिकाणांची नावं छापलेली असतात. ब्रिटनमधल्या तिकिटावर ‘रूट’ या शब्दापुढे अनेकदा दोनच शब्द असतात, ‘एनी परमिटेड’. म्हणजे परवानगी असलेला कोणताही मार्ग. परवानगी नक्की कोणत्या मार्गाला आहे, हे मात्र तिकीट सांगत नाही. ते ‘नॅशनल राउटिंग गाइड’ नावाच्या वेगळ्याच दस्तऐवजात असतं.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी. स्टेशनं म्हणजे बिंदू, रूळ म्हणजे रेषा, आणि उत्तर म्हणजे सर्वांत छोटा मार्ग असं मी गृहीत धरलं. डायक्स्ट्राचा अल्गोरिदम लावला आणि निवांत झाले. निकाल बघितला तर तो गाइडशी जुळेना. काही ठिकाणी भला मोठा वळसा चालत होता, तर काही ठिकाणी नकाशावर सरळ दिसणारी वाट बंद. मी दोन दिवस कोडमधली चूक शोधली. चूक कोडमध्ये नव्हतीच, ती माझ्या प्रश्नात होती.

आधी नियम बघू, थोडक्यात. थेट गाडी असेल तर ती चालते. सर्वांत कमी अंतराचा मार्ग चालतो, आणि त्याहून ३ मैलांपर्यंत जास्त असलेलाही. इथवर माझा अल्गोरिदम शहाणा होता. खरी गुंतागुंत याच्या पुढे आहे. प्रत्येक लहान स्टेशन एका किंवा अधिक मोठ्या ठिकाणांशी जोडलेलं असतं, त्यांना ‘राउटिंग पॉइंट’ म्हणतात. दोन राउटिंग पॉइंटच्या जोडीसाठी कोणते नकाशे वापरायचे, त्याची यादी असते. कधी एकच नकाशा, कधी एकावर प्रवास करून दोन्हींत असलेल्या स्टेशनवर दुसऱ्या नकाशावर उडी. आल्या वाटेने उलटं फिरायचं नाही. आणि या सगळ्यावर अपवादांची भली मोठी यादी. काही अपवाद जास्तीची सूट देतात, काही असलेली सूट काढून घेतात.

यातला एक नियम मला आधी अजिबात कळला नाही. समजा तुम्ही अ गावाहून ब ला निघालात आणि जवळचं मोठं जंक्शन ज आहे. ज ते ब हे भाडं अ ते ब या भाड्यापेक्षा जास्त असेल, तर ज हा राउटिंग पॉइंट बाद! इथे थांबून विचार करा. आपण शाळेपासून शिकतो की मार्गावरून अंतर ठरतं आणि अंतरावरून भाडं. इथे उलट आहे, भाड्यावरून मार्ग ठरतोय. असा नियम नकाशा काढणाऱ्याला सुचणार नाही. तो हिशेबनिसालाच सुचेल. माझ्या डोक्यात दिवा पेटला तो इथे, आणि मी कोड बाजूला ठेवून इतिहासाची पुस्तकं काढली.

तर चला १८४० मध्ये. त्या वर्षी लंडनहून यॉर्कला रेल्वेने जाता येऊ लागलं, पण रूळ एका मालकाचे नव्हते. लंडन अँड बर्मिंगहॅम, मग बर्मिंगहॅम अँड डर्बी जंक्शन, मग नॉर्थ मिडलंड, शेवटी यॉर्क अँड नॉर्थ मिडलंड, अशा चार कंपन्या. आणि डर्बीहून लंडनकडे यायला लगेच दुसरा पर्यायही तयार झाला: मिडलंड काउंटीज कंपनीचा, रग्बीमार्गे. दोन्ही कंपन्या पुढे लंडनच्या त्याच मुख्य मार्गाला येऊन मिळत. मग सुरू झालं भाडेयुद्ध. एका कंपनीने लंडनपर्यंत जाणाऱ्याकडून आपल्या तुकड्याचं भाडं स्थानिक प्रवाशापेक्षा कितीतरी कमी घ्यायला सुरुवात केली. डबा तोच, रूळ तेच, पण तुम्ही पुढे कुठे जाणार यावर पैसे ठरणार. दोन्ही कंपन्यांचा जीव मेटाकुटीला आला आणि १८४४ मध्ये त्या नॉर्थ मिडलंडसह एकत्र होऊन मिडलंड रेल्वे झाली.

म्हणजे ‘कोणत्या मार्गाने’ हा प्रश्न रेल्वेइतकाच जुना आहे. पण बारकाईने बघा, तो प्रवाशाचा प्रश्न म्हणून पुढे आलाच नाही. प्रवाशाला डर्बीहून लंडनला पोचायचं होतं, बास. ‘प्रवासी कुठून गेला’ हे माहीत असण्याची गरज होती ती कंपन्यांना, कारण त्यावर पैसे कोणाचे ते ठरणार होतं.

हे जमायला आधी तिकिटाची शिस्त लागणार होती. ती आणली थॉमस एडमंडसन यांनी. लँकेस्टरचे हे फर्निचर बनवणारे कारागीर. १८३० च्या दशकात न्यूकॅसल अँड कार्लाइल रेल्वेच्या मिल्टन नावाच्या लहान स्टेशनवर नोकरीला होते. तोवर कागदाच्या चिठ्ठीवर हाताने लिहून देण्याची पद्धत होती. किती चिठ्ठ्या फाडल्या आणि किती पैसे जमा झाले, याचा मेळ कोण घालणार? एडमंडसननी साधारण सव्वादोन इंच लांबीचं पुठ्ठ्याचं तिकीट आणलं, त्यावर क्रमांक छापला आणि तारीख उमटवणारं यंत्र तयार केलं. आता दिवसाच्या शेवटी पहिला आणि शेवटचा क्रमांक बघितला की विक्री कळली. आपल्या आजी-आजोबांनी खिडकीतून घेतलेलं ते जाड पुठ्ठ्याचं तिकीट याच घराण्यातलं. लोक ते प्रवासाचा पुरावा समजायचे. मला आता ते खातेवहीतली एक सुटी नोंद वाटते.

मग २ जानेवारी १८४२ ला लंडनमध्ये, यूस्टन स्टेशनजवळच्या एका लहान कचेरीत ‘रेल्वे क्लिअरिंग हाऊस’ सुरू झालं. कल्पना बँकांच्या क्लिअरिंगवरून घेतलेली. लंडन अँड बर्मिंगहॅम कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज कार ग्लिन हे स्वतः बँकर होते, आणि प्रत्यक्ष यंत्रणा उभी केली त्याच कंपनीच्या हिशेब खात्यातल्या केनेथ मॉरिसन यांनी. प्रवाशाने एकच तिकीट घ्यायचं, त्याचे पैसे नंतर कंपन्यांत मैलांच्या प्रमाणात वाटायचे. त्यासाठी स्टेशनांकडून हिशेब यायचे, ते एकमेकांशी ताडले जायचे. जंक्शनवर माणसं उभी राहून जाणाऱ्या डब्यांचे नंबर टिपायची, ऊन असो की बर्फ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दोन हजारांहून जास्त लोक काम करत होते.

वाटणी मैलांवर म्हटल्यावर मैल अचूक हवेत. इथल्याच एका नोकराने, जॉन एअरी यांनी, जंक्शनांचे रंगीत नकाशे छापायला सुरुवात केली. प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा, आणि दोन बिंदूंमधलं अंतर मैल आणि साखळ्यांमध्ये. हे नकाशे बघायला अतिशय देखणे आहेत. आज लोक ते फ्रेम करून लावतात. पण त्यांत नद्या नाहीत, डोंगर नाहीत, गावांचे आकार नाहीत. फक्त कोणाची हद्द कुठे संपते ते आहे. क्लिअरिंग हाऊसने पुढे एअरींचा हा व्यवसायच विकत घेतला. या सगळ्यावर फिलिप बॅगवेल यांचं १९६८ चं पुस्तक आहे. ग्रंथालयात मिळालं तर जरूर वाचा, रुक्ष विषयावर न कंटाळता कसं लिहावं ते कळतं.

मधला काळ भराभर सांगते. १९२३ मध्ये शंभरावर कंपन्यांच्या चार झाल्या, १९४८ मध्ये सरकारने सगळ्याच ताब्यात घेतल्या. एकच मालक झाल्यावर वाटणी कोणाशी करायची? १९६३ मध्ये क्लिअरिंग हाऊस बंद झालं. ब्रिटिश रेलच्या पुढच्या काळात बऱ्याच तिकिटांवर मार्गासमोर ‘एनी रीझनेबल’ असं छापलेलं असे. रास्त वाटेल तो कोणताही मार्ग! रास्त म्हणजे काय, ते तपासनिसाच्या आणि प्रवाशाच्या समजुतीवर. वाद होतच असणार, पण पुस्तक उघडायची वेळ क्वचित यायची.

१९९३ च्या कायद्याने रेल्वेचं खाजगीकरण झालं आणि प्रवासी गाड्या पंचवीसेक कंपन्यांत वाटल्या गेल्या. पुन्हा १८४० चाच प्रश्न दारात. तिकीट सगळ्यांचं सामाईक ठेवायचं, तर पैसे कोणाचे? आता जंक्शनवर माणसं उभी करणं शक्य नव्हतं. ब्रिटिश रेलच्या काळातच तयार झालेली ‘ऑरकॅट्स’ नावाची संगणक प्रणाली कामाला आली. ती वेळापत्रक बघते आणि अंदाज बांधते, की अमुक तिकिटावरचे इतके लोक या गाडीने गेले असतील, इतके त्या. त्या प्रमाणात उत्पन्न वाटलं जातं. तुम्ही खरोखर कोणत्या गाडीत बसलात, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

याचा परिणाम मजेदार झाला. मोठ्या कमाईच्या मार्गावर कंपनीने आपल्या चार गाड्या घुसवल्या, की त्या अर्ध्या रिकाम्या धावल्या तरी वाटणीत हिस्सा मिळतो. रेल्वेवाल्यांच्या बोलीत याला ‘ऑरकॅट्स रेड’ म्हणतात, म्हणजे चक्क धाड.

आणि या अंदाजाला आधी एक यादी लागते: कोणते मार्ग मोजायचे? ‘रास्त’ ही गोष्ट संगणकाला कळत नाही. म्हणून राउटिंग गाइड, आणि म्हणून तिकिटावरचा ‘रीझनेबल’ जाऊन ‘परमिटेड’ आला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा बदल हाच, एका शब्दाचा. भाड्याची तुलना करणारा तो विचित्र नियमही आता कळतो. कमी पैशांच्या तिकिटावर कोणी जास्त किमतीचा तुकडा पदरात पाडून घेऊ नये, याची ती तजवीज आहे.

माझ्या मॉडेलचं पुढे काय झालं? मी अंतराच्या जागी मालकी घातली. प्रत्येक रेषेला तिथे गाड्या चालवणाऱ्या कंपन्यांची नावं चिकटवली, आणि जिथे माझा निकाल गाइडशी जुळत नव्हता ती ठिकाणं पुन्हा बघितली. सगळी कोडी सुटली नाहीत. काही अपवाद केवळ एखाद्या स्टेशनवर गाडी बदलणं गैरसोयीचं आहे म्हणून आहेत, त्यात पैशाचा संबंध नाही. प्रत्येक गोष्टीमागे हिशेबच असणार असं मानणं ही माझी दुसरी चूक होती. पण ‘हा कागद मुळात कोणासाठी लिहिला?’ हा प्रश्न मी आता डेटाची फाइल उघडण्याआधी विचारते. तुम्ही पेटची तयारी करत असाल आणि संशोधन प्रस्तावात ‘डेटाचा स्रोत’ या मथळ्याखाली नुसतं संकेतस्थळाचं नाव लिहिणार असाल, तर तिथे हे एक वाक्य वाढवून बघा. मुलाखतीत परीक्षक तिथेच बोट ठेवतात.

आपल्याकडेही ही जुनी भांडणं रुळांत शिल्लक आहेत. मुंबईहून दिल्लीला पंजाब मेल सीएसएमटीहून भुसावळ, इटारसी, झांशी अशी जाते, आणि राजधानी मुंबई सेंट्रलहून वडोदरा, रतलाम, कोटा अशी. एक वाट जीआयपीची, दुसरी बीबीसीआयची. कंपन्या कधीच गेल्या, पण एकाच शहरात दोन टर्मिनस आणि दिल्लीच्या दोन वाटा राहिल्या.

ब्रिटनमध्ये चाक पुन्हा उलटं फिरतंय. २०२४ च्या कायद्यानुसार प्रवासी कंपन्या एकेक करून सरकारकडे येत आहेत, आणि मे २०२५ मध्ये त्यात पहिली आली साउथ वेस्टर्न. लंडनहून एक्झिटरला जाण्याच्या दोन जुन्या वाटांपैकी वॉटर्लूहून सॉल्सबरीमार्गे जाणारी, संथ पण स्वस्त वाट तिची. गाड्या सरकारी झाल्या म्हणून स्वस्त तिकिटावरची ‘याच मार्गाने’ ही अट त्या दिवशी गळून पडली नाही. एकच मालक झाल्यावर ‘परमिटेड’ पुन्हा ‘रीझनेबल’ होतो का, ते बघण्यासाठी मी गाइडच्या आवृत्त्या जपून ठेवायला लागले आहे.